लेकीसाठी सुवासिक ऑर्किड शोधताना

ओवीच्या ऑर्किडला आमच्या घरी पहिल्यांदा फुलं आली ती 2024 च्या दिवाळीत. शोधाशोध सुरू झाली होती जून 2023 मध्ये. मधले सोळा महिने कसे गेले ते सविस्तर लिहितेय. गोव्याच्या दमट हवेत, फ्लॅटच्या गॅलरीत, एका आठ वर्षांच्या मुलीला कुठलं ऑर्किड झेपेल हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर तीन रोपं आणि बरेच अश्रू वाचले असते.

माझं माहेर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. 17 जूनच्या शनिवारी आम्ही तिथे गेलो होतो. पाऊस नुकताच लागला होता. अंगणातल्या मानकुराद आंब्याच्या फांदीवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे दोन तुरे खाली लोंबत होते, कोल्ह्याच्या शेपटीएवढे. त्याला कुणी सीतेची वेणी म्हणतं, कुणी द्रौपदीमाला. शास्त्रीय नाव रिंकोस्टायलिस रेटुसा. माझ्या आईच्या लेखी मात्र ते बांडगूळ. "काढून उडय तें," म्हणजे काढून फेक ते, असं ती दर पावसाळ्यात म्हणते. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून रस पितं, ऑर्किड नुसतं सालीला धरून बसतं, पाऊस आणि दव यांवर जगतं, हे मी तिला त्या दिवशी पुन्हा एकदा समजावलं. ओवी स्टुलावर चढून तुऱ्याला नाक लावून उभी होती. वास अगदी मंद होता. "आई, मला हेच हवं, पण जास्त वासाचं. आणि मला एकटीला उचलता येईल एवढंच."

मामा शिडी घेऊन निघालाच होता, त्याला थांबवलं. जवळून पाहिलं तर बोटाएवढी जाड पांढरी मुळं सालीच्या भेगांत अशी बसली होती, की ओढली असती तर तुटलीच असती. फांदीवरचं ऑर्किड फांदीवरच राहू दिलं.

पुढच्या आठवड्यात एका बाजारात गोणपाटावर ऑर्किडं मांडून बसलेला माणूस दिसला. शंभर रुपयाला एक. ओवीचे डोळे चमकले. मी एक हातात घेऊन उलटं केलं. मुळं तुटलेली, त्यांना सालीचे तुकडे चिकटलेले, पानांवर शेवाळ आणि कीड खाल्ल्याच्या खुणा. हे रोप जंगलातून ओरबाडलेलं होतं. नर्सरीत वाढलेल्या रोपाची मुळं कुंडीच्या आकारात गोल वळलेली असतात, फरक लगेच कळतो. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव अशा राखीव रानांतून काहीही उचलून आणायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हे मी तिला घरी येताना सांगितलं. तिने विचारलं, "मग त्या काकांना पोलीस पकडतील?" नेमकं उत्तर देता आलं नाही. आपण विकत घेतलं नाही तर तो पुढच्या वेळी आणणार नाही, एवढंच म्हटलं.

माझी खरी चूक त्यानंतरची. 8 जुलैला मी एका ऑनलाइन दुकानातून 'सुगंधी ऑर्किड, पाच रोपांचा संच' मागवला. 1250 रुपये आणि कुरिअरचे 250. भर पावसात. पार्सल नऊ दिवसांनी, 17 जुलैला आलं. त्यातले तीन दिवस ते कुठल्यातरी गोदामात पडून होतं. खोका उघडताच कुबट वास. बोटाच्या पेराएवढी पाच रोपं, त्यातल्या तिघांची पानं बुडाशी काळी आणि मऊ. ओवीने ती कुजलेली पानं एकेक करून कापसावर ठेवली, आजारी असल्यासारखी. चार दिवसांत तिन्ही गेली. उरलेली दोन जगली, पण एवढ्याशा रोपाला फूल यायला तीन-चार वर्षं लागतात हे त्या जाहिरातीत कुठेच नव्हतं. मुलांसाठी घ्यायचं असेल तर फुलण्याच्या वयाचं रोपच घ्या, महाग पडलं तरी. आठव्या वर्षी रोप लावून बाराव्या वर्षी फूल बघायचं, ही शिक्षा आहे.

पैसे परत मागितले तर खोका उघडतानाचा व्हिडिओ मागितला गेला, तोही 24 तासांच्या आत. माझ्याकडे फोटो होते, व्हिडिओ नव्हता. चार ईमेल आणि तेवीस दिवसांनंतर 750 रुपये परत आले. आता मी कुठलंही झाडाचं पार्सल एका हाताने मोबाइल धरूनच उघडते. मागवायचं ते ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात, आणि सोमवारी, म्हणजे रविवारची सुट्टी वाटेत येत नाही.

मग मी वाचायला बसले. थायलंडहून रोपं मागवून देतो म्हणणारे एकदोघे भेटले, पण सगळं ऑर्किड कुळ साइट्स या, धोक्यातल्या वन्यजीवांच्या आणि झाडांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतं. बाहेरून झाड आणायचं तर त्याची परवानगी, शिवाय आपला आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र असे कागद लागतात. एका मुलीच्या एका कुंडीसाठी त्या वाटेला जाण्यात अर्थ नव्हता. देशातल्याच नर्सरीत वाढवलेलं, पावतीसकट मिळणारं रोप घ्यायचं हे ठरलं. काही योजना आहे का, अशी कृषी कार्यालयातही चौकशी केली. तिथल्या बाईंनी नीट बसवून समजावलं, की शेतकऱ्यांचं कृषी कार्ड आणि त्यावरच्या योजना जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा) चालतात. आमची फोंड्यातल्या दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी कुठल्याच उताऱ्यावर नाही. तो विषय तिथेच मिटला.

गॅलरीसाठी मात्र सोसायटीची परवानगी लागली. ग्रिलला कुंड्या टांगायच्या तर लेखी अर्ज करा, असं सांगण्यात आलं, कारण आधी कुणाची तरी कुंडी खाली पार्क केलेल्या स्कूटरवर पडली होती. 3 ऑक्टोबरला अर्ज दिला. कमिटीची बैठक दिवाळीमुळे पुढे गेली, ती 19 नोव्हेंबरच्या रविवारी झाली. तीन अटी घातल्या: कुंड्या ग्रिलच्या आतल्या बाजूला, प्रत्येक कुंडीखाली ताटली, आणि खालच्यांच्या दोरीवरच्या कपड्यांवर पाणी पडता कामा नये. अटी योग्यच होत्या. अर्जासोबत कुंडी टांगायचा आकडा कुठे लावणार त्याचं ओवीने काढलेलं चित्र जोडलं होतं, त्याचा उपयोग झाला असं सेक्रेटरींनी नंतर सांगितलं. आकडे आणि ताटल्या यांना 420 रुपये गेले.

त्या दीड महिन्यात निवड पक्की करायचं काम झालं, आणि मला ते सगळ्यात आवडलं. ओवीच्या वहीत आम्ही झाडांची नावं लिहायचो आणि एकेक खोडायचो. पहिली चाळणी हवेची. छोटी, सुगंधी म्हणून जी ऑर्किडं सगळीकडे सुचवली जातात, त्यातल्या कित्येकांना हिवाळ्यात गार रात्री लागतात. ऑस्ट्रेलियातलं डेंड्रोबियम किंगियानम तसलंच. फोंड्याच्या रात्री जानेवारीतसुद्धा त्याला पुरेशा गार होणार नाहीत. खोडलं. जपानमध्ये सामुराई जपायचे ते नेओफिनेशिया, तळहातावर मावेल एवढं, संध्याकाळी वास सुटणारं. त्याच्यावर तिचा फार जीव जडला होता, पण त्यालाही थंडीचा आराम मानवतो. जड मनाने खोडलं. दुकानात मिळणारी मोठ्या पांढऱ्या-जांभळ्या फुलांची फॅलेनॉप्सिस सोपी असतात, पण त्यातल्या बहुतेकांना वास जवळजवळ नसतोच. हारात आणि बुकेत येणारं जांभळं डेंड्रोबियमही बिनवासाचं. मॅक्सिलॅरिया टेन्युइफोलिया नावाच्या एका झाडाच्या फुलांना ओल्या खोबऱ्याचा वास येतो हे वाचून ती म्हणाली, "तो तर रोज स्वयंपाकघरात येतो." तेही खोडलं गेलं.

उरली तीन नावं: व्हॅनिलाच्या वासाचं ऑन्सिडियम ट्विंकल, आपल्याकडची हवा सोसणारं रिंकोस्टायलिस जायगँटिया, आणि मध्य अमेरिकेतलं ब्रासावोला नोडोसा.

6 जानेवारी 2024 च्या शनिवारी आम्ही बार्देशातल्या एका नर्सरीत गेलो. सकाळचे अकरा वाजले होते. जायगँटियाला लिंबासारखा गोड वास भरभरून येत होता, पण पानं हातभर लांब आणि कुंडी जड, ओवीला ती हलवताच येईना. ट्विंकलला बारीक पिवळसर फुलांचा गुच्छ आणि खरंच व्हॅनिलाचा वास. 450 रुपयांना ते लगेच घेतलं. ब्रासावोलाला तीन फुलं होती. पांढऱ्याशुभ्र बदामाच्या आकाराची एक पाकळी, भोवती हिरवट रंगाच्या पाच निमुळत्या. ओवीने नाक लावलं. "काहीच नाही." मीही लावलं. खरंच काही नाही.

नर्सरीवाले काका हसले. "हिचा वास सूर्य बुडाल्यावर. हिच्याकडे रात्रीचे पतंग येतात, मग दिवसा कुणासाठी सोडेल?"

गाडीत बसल्यावर हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आम्ही आकार बघितला, ऊन बघितलं, किंमत बघितली. पण ओवी घरी कधी असते हे कुणी बघितलंच नव्हतं. सकाळी साडेसातला ती शाळेच्या बसमध्ये बसते, दुपारी जेवून झोपते, मग क्लास. ट्विंकलचा वास भर सकाळी सगळ्यात जास्त, म्हणजे तिच्या वाट्याला तो रविवारीच. संध्याकाळी सात ते नऊ हीच तिची गॅलरीत बसायची वेळ. फुलाच्या वासालाही वेळ असते आणि मुलाच्या दिवसालाही. त्या दोन वेळा जुळल्या पाहिजेत. कुणी मला आता विचारलं, की मुलांसाठी कुठलं सुगंधी ऑर्किड घेऊ, तर मी आधी विचारते, मूल घरी कधी असतं?

खात्री करायला पुढच्या शनिवारी, 13 जानेवारीला, पुन्हा गेलो. नर्सरी सहाला बंद होते. काकांना फोन करून विचारलं होतं, ते म्हणाले, "बायसाठी थांबतो." पावणेसहाला पोहोचलो. काकांनी फाटक ओढून घेतलं, आम्हाला आत एक बाकडं दिलं. सव्वासहाच्या सुमारास ऊन गेलं. ओवी दर पाच मिनिटांनी नाक लावत होती आणि मान हलवत होती. साडेसहा. काका होज गुंडाळत होते. पावणेसात होत आले तेव्हा ती वाकली आणि तशीच राहिली, काही बोललीच नाही. मी जवळ गेले तेव्हा मलाही आला. लिंबाच्या फुलासारखा, त्यात थोडी जाई, पण जाईपेक्षा स्वच्छ. पाच मिनिटांत तो बाकड्यापर्यंत येऊ लागला. 650 रुपये दिले आणि तेच फुलांसकट रोप आणलं. पावती मागून घेतली, रोपाच्या नावासकट.

कुंडीत काय भरायचं यावर प्रत्येकाचं मत वेगळं. आमच्याकडे चाललं ते असं: बाजूंना भोकं असलेली मातीची छोटी कुंडी (चार मिळून 360 रुपये), त्यात लाकडी कोळसा आणि जुन्या कौलांचे सुपारीएवढे तुकडे. कौलं माहेरच्या गोठ्याच्या मागे पडलेली, कोळसा 60 रुपयांचा. नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) फुकट मिळतात, पण पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवतात आणि मुळं कुजतात. वापरायचीच तर आधी पाच-सहा दिवस पाणी बदलत भिजवून, आणि पाऊस लागायच्या आत बदलून टाकायची.

पाणी कधी घालायचं हे मुलांना शिकवायला ऑर्किडइतकं सोपं झाड नाही. मुळांवर स्पंजासारखं पांढरं आवरण असतं. कोरडं असताना रुपेरी पांढरं, पाणी पडताच डोळ्यांदेखत हिरवं होतं. ओवीचं सकाळचं काम एवढंच: बसच्या आधी मुळांचा रंग बघायचा. पांढरी तर पाणी, हिरवी तर उद्या. एप्रिल-मे महिन्यांत रोज घालावं लागलं, हिवाळ्यात दोन-तीन दिवसांनी. पूर्वेची गॅलरी असल्याने दहापर्यंतचं कोवळं ऊन मिळतं, ब्रासावोलाला ते हवंच असतं. खत म्हणून 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) आठवड्यातून एकदा, लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम. डब्यावर जास्त लिहिलेलं असतं, तेवढं घालू नका. खत मी मोजते, ती फवारते. खत आणि स्प्रे बाटली मिळून 200 रुपये.

नर्सरीतून आणलेली फुलं जानेवारीअखेर गळली. त्यानंतर नऊ महिने एकही फूल नाही. हा काळ कठीण असतो, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मार्चमध्ये ओवीने रंग बघणं सोडलं, मलाच आठवण करावी लागायची. रागावून उपयोग नव्हता. मग एका नव्या मुळाच्या टोकाजवळ आम्ही लाल दोरा बांधला आणि दर रविवारी पट्टीने मोजायला लागलो. आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. हिरवं, ओलसर चमकणारं टोक दोऱ्यापासून पुढे सरकतंय हे दिसल्यावर तिला पुन्हा त्यात जीव वाटायला लागला.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला फोंड्याजवळच्या एका मसाल्याच्या बागेत नेलं. व्हॅनिलाची वेलही ऑर्किडच, हे तिला माहीत नव्हतं. तिथे तिला एडमंड आल्बिअसची गोष्ट सांगितली. रियुनियन बेटावर गुलाम म्हणून जन्मलेला मुलगा. व्हॅनिलाची वेल तिकडे नेली होती, पण शेंगा धरत नव्हत्या. फूल एकच दिवस उमलतं. 1841 मध्ये, बारा वर्षांचा असताना, त्याने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबायची युक्ती शोधली, आणि आजही व्हॅनिलाला तसंच हाताने फळवतात. "बारा वर्षांचा?" तिने दोनदा विचारलं. घरी आल्यावर स्वतःच रंग बघायला गेली.

पावसाळा आमच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचा. जून 2024 मध्ये कुंड्या आतल्या भिंतीला घेतल्या, पाण्याची झोड लागणार नाही अशा. हवा खेळती राहावी म्हणून टेबलफॅन. तरी जुलैत एका सकाळी लाल दोऱ्याच्या मुळाचं टोकच गायब होतं, कुरतडलेलं. आणखी दोन मुळांचंही तसंच. रात्री साडेनऊला टॉर्च घेऊन बघितलं तर कुंडीच्या बुडाला नखाएवढी गोगलगाय. ओवी खूप रडली, कारण ते मूळ तिचं होतं. औषध मी घातलं नाही, मुलं हात लावतात अशा झाडाला विषारी काही नको. आठवडाभर रोज रात्री कुंडीजवळ काकडीची चकती ठेवली, तिच्याखाली सापडतील त्या गोगलगाई उचलून खाली मातीत सोडल्या. एकूण सात. तुटलेलं मूळ महिन्याभराने बाजूने फुटलं, दोन फांद्यांनी. दोरा तिने पुन्हा बांधला.

ट्विंकलला उन्हाळा मानवला नाही. पानांची टोकं काळी पडली, दुसऱ्या वर्षी फूल नाही. तुमच्याकडे गार, सावलीची जागा असेल तरच ते घ्या. ऑनलाइनच्या संचातलं एक रोप पावसात गेलं, एक अजून आहे, चार पानांचं.

6 ऑक्टोबरला एका पानाच्या बुडातून हिरवं टोक दिसलं. मूळ की कळी, हे आठवडाभर कळेना. मग ते पातळ झालं, वर वळलं आणि त्याला चार गाठी आल्या. ओवीने सोसायटीतल्या सगळ्यांना सांगून टाकलं.

पहिलं फूल 28 तारखेला उमललं. 30 च्या रात्री गोव्यात ठिकठिकाणी नरकासुराचे पुतळे. माझी आई आली होती. गल्लीत ढोल, डीजे, फटाक्यांचा धूर, आणि मुलांना उशिरापर्यंत जागायची मुभा. अकराच्या सुमारास आम्ही गॅलरीचं दार उघडलं. धुरातूनही तो वास आला. आई खुर्चीवर बसली आणि बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली. ओवी तिच्या मांडीवर रेलून बसली होती.

"हाची फांती जाता?" आईने विचारलं. म्हणजे याचा गजरा होतो का, केसांत माळायला.

"नाही आजी, तोडायचं नाही," ओवी म्हणाली. "पण तू इथेच झोप. सकाळी वास जातो."

आईने गॅलरीच्या दाराशी चटई घातली.